गाण्याचा तास रिकामा नसतो

मंडळी, या वेळचा लेख जरा तावातावानं लिहिते आहे. ज्यांना शांत काही वाचायचं असेल त्यांनी परसबागेवरचे जुने लेख उघडावेत, ते तिथेच आहेत.

झालं असं, की ओळखीच्या एका शाळेनं (नाव घेत नाही, उगाच तिथल्या शिक्षकांना त्रास नको) आठवी-नववीच्या वेळापत्रकातून गाण्याचा तास काढून गणिताला दिला. पालकसभेत ह्या निर्णयाचं टाळ्या वाजवून स्वागत झालं म्हणे. ही बातमी मी आमच्या घरच्या मंडळींच्या ग्रुपवर कळवली, तर धाकट्या भाऊजींचं लगेच उत्तर, "बरं झालं की वहिनी! त्या तासाला पोरं दंगा सोडून काय करतात? आणि आजकाल गाणं म्हणजे ते रॅप. भराभरा बडबडायला मास्तर कशाला लागतो?"

भाऊजी, तुम्ही माझ्याहून वयानं लहान, पण मान मोठा, म्हणून ग्रुपवर भांडले नाही. इथे भांडते. तुमच्या तीन वाक्यांत तीन गैरसमज आहेत, आणि ते एकट्या तुमचे नाहीत. निम्म्या मुख्याध्यापकांचे आणि पाऊण पालकांचे आहेत. उत्तर म्हणून मी तुम्हाला लंडनच्या एका बँडची गोष्ट सांगणार आहे. हा बँड जन्मला तोच मुळी गाण्याच्या तासाला.

बँडचं नाव एशियन डब फाउंडेशन. माझ्या नातवानं मला दोन वर्षांपूर्वी त्यांची गाणी ऐकवली. पहिल्या गाण्याला मी आवाज कमी करायला सांगितला हे खरं, पण पाचव्या गाण्याला वाढवायला सांगितला हेही खरं. मग शब्दकोश घेऊन बसले आणि त्यांच्याबद्दल मिळेल ते वाचलं. (मराठी माध्यमातून बी. ए. केलेल्या बाईला इंग्रजी वाचायला वेळ लागतो, पण निवृत्त माणसाकडे वेळ सोडून असतं काय?)

तर लंडनमध्ये कम्युनिटी म्युझिक नावाची एक संस्था. जॉन स्टीव्हन्स नावाच्या जॅझमधल्या नामवंत ड्रमवादकानं १९८३ साली ती सुरू केली. ज्यांच्या घरी वाद्य नाही, शिकवणीला पैसे नाहीत, अशांनाही एकत्र बसवून वाजवायला लावायचं, हा त्याचा ध्यास होता. तुम्हाला येतं का असं विचारायचंच नाही, या आणि वाजवा. १९९३ च्या उन्हाळ्यात फॅरिंगडन भागातल्या ह्या संस्थेत आशियाई मुलांसाठी कार्यशाळा झाल्या. विषय होता संगीताचं तंत्रज्ञान, म्हणजे संगणक, सँपलर, ध्वनिमुद्रण वगैरे. शिकवायला दोघे होते. एक अनिरुद्ध दास, बेस गिटार वाजवणारे, आणि दुसरे जॉन पंडित, जे तरुण मुलांमध्ये काम करत आणि डीजेही होते. शिकणाऱ्यांत दीदार झमान नावाचा बांगलादेशी कुटुंबातला एक पोरगा होता, वय जेमतेम पंधरा. त्याला शब्द सुचत आणि ते तो तालात फेकू शकत होता.

उन्हाळा संपला, कार्यशाळा संपली. पण दोन मास्तर आणि एक विद्यार्थी एकत्र राहिले आणि बँड झाला. मास्तर मागे वाजवणार आणि विद्यार्थी पुढे उभा राहून बोलणार! मी बत्तीस वर्षं शिकवलं, भाऊजी. वर्गात अशी उलटी मांडणी करायला शिक्षकाला केवढं धैर्य लागतं ते तुम्हाला कळायचं नाही. पुढच्या वर्षी स्टीव्ह चंद्रा सावले हे गिटारवादक आले. त्यांनी गिटारच्या सगळ्या तारा एकाच सुरात लावून वाजवायची पद्धत काढली, म्हणजे इलेक्ट्रिक गिटारचा जवळजवळ तंबोराच केला म्हणा. (सावले हे आडनाव वाचून आमच्यातल्या काहींचे कान लगेच टवकारतील. गाव-गोत्र शोधत बसू नका, आधी गाणं ऐका.)

आता तुमचा पहिला मुद्दा, त्या तासाला पोरं दंगा करतात.

करतात. १९९३ साली लंडनमध्ये दंगा म्हणजे काय होतं ते ऐका. त्या एप्रिलमध्ये स्टीफन लॉरेन्स ह्या अठरा वर्षांच्या काळ्या मुलाला बसथांब्यावर गोऱ्या टोळक्यानं भोसकून मारलं. सप्टेंबरमध्ये एका सतरा वर्षांच्या बांगलादेशी विद्यार्थ्याला इतकं मारलं की तो बेशुद्धावस्थेत रुग्णालयात पडला. त्या रुग्णालयाबाहेर जमलेल्या तरुणांपैकी नऊ जणांना पोलिसांनी धरलं. आणि त्याच महिन्यात, त्याच टॉवर हॅम्लेट्स भागातल्या मिलवॉल प्रभागातून ब्रिटिश नॅशनल पार्टी ह्या वंशद्वेष्ट्या पक्षाचा पहिला नगरसेवक निवडून आला. अशा गावात पंधरा वर्षांच्या सावळ्या पोराच्या मनात काय खदखदत असेल? ते बाहेर पडणारच. प्रश्न एवढाच, की कुठल्या वाटेनं. त्या दोन मास्तरांनी वाट दिली. पकडलेल्या त्या नऊ जणांवर बँडनं पुढे गाणं केलं, ते त्यांच्या पहिल्याच अल्बमात आहे. वंशद्वेषविरोधी सभांमध्ये वाजवायला म्हणूनच तर हा बँड सुरुवातीला उभा राहिला.

वर्गात मुलं गप्प बसली म्हणजे शिकली, असं मानणाऱ्यांची मला नेहमी कीव आली आहे. गाण्याच्या तासाला आवाज होणारच. स्वयंपाकघरात भांडी वाजतात म्हणून आपण चूल बंद करतो का?

दुसरा मुद्दा, रॅप म्हणजे बडबड, त्याला शिकवायचं काय.

मंडळी, ह्या संगीतात काय काय चालतं ते मी कागद-पेन्सिल घेऊन समजून घेतलं. जे समजलं ते आपल्या भाषेत सांगते. ह्या बँडचा पाया जंगल नावाच्या नाचाच्या संगीताचा. त्यात ढोलांची लय मिनिटाला एकशेसाठ-सत्तर ठोक्यांच्या घरात जाते, पण बेस मात्र बहुधा निम्म्या गतीनं चालतो. म्हणजे वर द्रुत आणि खाली ठाय, दोन्ही एकाच वेळी. मध्ये गायकानं आपला शब्द टाकायचा. वाटलं तर वरच्या लयीवर स्वार व्हायचं, वाटलं तर खालच्या लयीवर रेलायचं, आणि समेला चुकायचं नाही. ज्यांनी लग्गी, दुगुन, चौगुन हे शब्द ऐकले आहेत त्यांना मी सांगते, हे येरागबाळ्याचं काम नाही. जुन्या तबकडीतला ढोलाचा एखादा तुकडा उचलायचा, त्याचे कण करायचे, ते पुन्हा वेगळ्या क्रमानं जोडायचे, हे सँपलरचं काम. ते ज्याला येतं त्याला अपूर्णांक येतात, आणि वेगळे शिकवावे लागत नाहीत. गणितासाठी गाणं बंद करणाऱ्यांनी हे जरा ध्यानात घ्यावं.

आणि शब्दांचं म्हणाल तर ऐका. त्यांच्या पहिल्या अल्बमात 'रिबेल वॉरियर' म्हणून गाणं आहे. ते काझी नझरुल इस्लाम ह्यांच्या 'विद्रोही' कवितेवर बेतलेलं आहे. नझरुलनी ही कविता १९२१ च्या डिसेंबरात लिहिली आणि १९२२ च्या जानेवारीत ती छापून आली. पुढे इंग्रज सरकारनं त्यांना तुरुंगात टाकलं. आणि सत्तर वर्षांनी, त्याच इंग्रजांच्या राजधानीत, बांगलादेशी घरातला पोरगा जमैकाच्या लोकांकडून आलेल्या फेकीच्या ढंगात तीच कविता नव्यानं बोलतो. मी मराठी आणि इतिहास शिकवला. एका कवितेला असं आयुष्य मिळालेलं पाहून मला जे वाटलं ते भाऊजी, तुम्हाला बडबड म्हणून उडवून लावता येणार नाही. पाठांतर स्पर्धेत बक्षीस मिळालेल्या किती मुलांना पुढे ती कविता स्वतःची वाटते?

दुसरं एक गाणं आहे उधमसिंगांवर. १९४० च्या मार्चमध्ये लंडनच्या कॅक्स्टन हॉलमध्ये त्यांनी मायकेल ओड्वायरला गोळी घातली, हे आपण सनावळीत शिकवतो आणि परीक्षेनंतर मुलं विसरतात. हे लोक ते गाण्यात ठेवतात.

तिसरा मुद्दा तुम्ही स्पष्ट बोलला नाहीत, पण मुख्याध्यापक बोलतात. "मॅडम, ह्याचा निकाल काय?"

निकाल! हा शब्द ऐकला की अजून माझ्या कपाळावर आठी चढते. ह्या बँडचाच निकाल बघू. १९९४ साली त्यांची पहिली छोटी तबकडी आली, 'कॉन्शस' नावाची. १९९५ साली पहिला पूर्ण अल्बम आला, 'फॅक्ट्स अँड फिक्शन्स'. दोन्ही काढले नेशन रेकॉर्ड्स ह्या छोट्या स्वतंत्र कंपनीनं. ब्रॅडफर्डचे आकी नवाझ आणि कॅथ कॅनोव्हिल ह्यांनी १९८८ साली ही कंपनी काढली. मोठ्या कंपन्यांना ज्या संगीताचं काय करावं ते कळत नव्हतं, ते संगीत ही कंपनी छापत होती. नवाझ स्वतः आधी रॉक बँडमध्ये ड्रम वाजवत होते आणि पुढे फन-दा-मेंटल हा रॅप बँड त्यांनीच उभा केला. म्हणजे वाजवणारेच छापणारे. आपल्याकडे लेखक पदरमोड करून नियतकालिक चालवत, त्यातलाच प्रकार.

तर १९९५ चा निकाल काय लागला? इंग्लंडात जवळजवळ कुणी लक्षच दिलं नाही. त्या उन्हाळ्यात तिकडची वर्तमानपत्रं ओएसिस आणि ब्लर ह्या दोन गोऱ्या बँडांपैकी कुणाचं गाणं पहिलं येतं ह्या शर्यतीत बुडालेली होती. आशियाई माणसाच्या संगीताला तिकडे आधीपासूनच हिशेबात जागा नव्हती. ऐंशीच्या दशकात भांगड्याच्या कॅसेटी किराणा-कपड्यांच्या देशी दुकानांतून धडाधड खपत, पण ती दुकानं खपाच्या यादीसाठी मोजलीच जात नसत. खपूनही न खपल्यासारखं!

त्या वेळी कुणी मुख्याध्यापक तिथे असता तर १९९५ सालीच त्यानं सगळं बंद केलं असतं. "दोन वर्षं झाली, खोली अडवली, वीज जाळली, निकाल शून्य." पण खोली कुणी काढून घेतली नाही आणि छोट्या कंपनीनंही हात काढला नाही. ते वाजवत राहिले, गावोगाव फिरले. आधी त्यांना उचलून धरलं ते फ्रान्सनं. १९९७ साली त्यांचा पुढचा अल्बम तिकडे निघाला आणि गाजला. मग इंग्लंडला जाग आली. तोच ऐवज नव्यानं घडवून 'रफीज रिव्हेंज' ह्या नावानं १९९८ साली लंडन रेकॉर्ड्स ह्या मोठ्या कंपनीनं काढला, आणि त्या वर्षीच्या मर्क्युरी पुरस्काराच्या यादीत तो आला. पुरस्कार मिळाला दुसऱ्यांना, ते असो. कार्यशाळेपासून मोजा, पाच वर्षं. आपली पाचवी ते नववी. आपण तेवढी वाट बघतो का?

इथे कुणीतरी म्हणेल, "पण बाई, अशा शंभर वर्गांतून एखादाच बँड निघतो." अगदी बरोबर. गणिताच्या तासातून दर वर्षी रामानुजन निघतो का? नाही निघत म्हणून आपण गणित बंद करत नाही, आणि करूही नये. त्या कार्यशाळेत दीदारबरोबर बसलेली बाकीची मुलं प्रसिद्ध झाली नाहीत. पण त्यांनी एक उन्हाळा यंत्राला हात लावला आणि आपला आवाज स्पीकरमधून बाहेर येताना ऐकला. ज्या मुलाला वर्षभर फक्त "गप्प बस" ऐकायला मिळतं, त्याला ह्याची किंमत विचारा.

आता एक अडचणीचा मुद्दा, तो टाळला तर वाद अर्धा राहील. "मुलांच्या गाण्यात राजकारण कशाला?" असं पुण्याच्या वन्संनी आधीच विचारून ठेवलं आहे. ह्या बँडच्या गाण्यात राजकारण ठासून भरलेलं आहे, आणि सगळंच मला पटतं असं नाही. १९९८ च्या अल्बमात नक्षलबारीच्या उठावाचा गौरव करणारं गाणं आहे. लंडनमध्ये बसून नक्षलवादावर गाणं सोपं असतं. गडचिरोलीत दोन्ही बाजूंच्या बंदुकांमध्ये सापडलेल्या माणसाला त्यात आपलं दुःख दिसणार नाही, असं माझं मत आहे, आणि ते गाणं ऐकल्यावरही ते बदललं नाही. पण त्याच अल्बमात दुसरं गाणं सतपाल राम ह्या माणसासाठी आहे. १९८६ साली बर्मिंगहॅमच्या एका उपाहारगृहात त्याच्यावर वंशद्वेषातून हल्ला झाला. त्या झटापटीत हल्लेखोरांपैकी एक जण मेला, आणि रामला जन्मठेप झाली. त्याच्या सुटकेसाठी वर्षानुवर्षं मोहीम चालली. हे गाणं त्या मोहिमेचा आवाज बनलं. २००२ साली तो सुटला. गाण्यामुळेच सुटला असं मी म्हणणार नाही. पण नृत्याच्या मैदानात आलेल्या हजारो पोरांना एका कैद्याचं नाव पाठ झालं, हे काय थोडं आहे?

आणि वन्सं, आपल्याकडे अमर शेख आणि अण्णा भाऊ साठे डफावर थाप मारून जे गात ते काय होतं? संयुक्त महाराष्ट्राच्या सभांना आपले वडील गेले ते काय राग यमन ऐकायला? तेव्हा चाललं आणि आता मुलांनी केलं की राजकारण! मुलाचं मत चुकलं तर वर्गात त्याच्याशी वाद घालता येतो. तोंडच बंद केलं तर वाद कुणाशी घालणार?

ह्या मंडळींची मला सगळ्यांत आवडलेली गोष्ट पुढचीच आहे. नाव झाल्यावर ते आपल्या वर्गाला विसरले नाहीत. एडीएफ एज्युकेशन ह्या नावानं त्यांनी स्वतःचं शिकवण्याचं काम सुरू केलं. २००० साली आलेल्या अल्बमाला त्यांनी 'कम्युनिटी म्युझिक' हेच नाव दिलं, म्हणजे आपल्या शाळेचंच. दीदार त्याच सुमारास बँड सोडून आपल्या वाटेनं गेला, तर बाकीच्यांनी नवे तरुण आवाज आणले. आणि २००२ साली जॉन पंडितांना ब्रिटनच्या राणीच्या नावानं दिला जाणारा एमबीई हा किताब देऊ केला गेला, तो त्यांनी नाकारला. मी त्याचा अर्थ माझ्यापुरता असा लावते, की छातीवर बिल्ला लावण्यापेक्षा वर्गाला दोन स्पीकर दिले असते तर बरं झालं असतं.

आता आपल्याकडे या. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात लिहिलेलं आहे, की सहावी ते आठवीच्या शाळेत शंभरावर मुलं असतील तर कलाशिक्षणासाठी अर्धवेळ निदेशक हवा. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात लिहिलेलं आहे, की कला आणि अभ्यास ह्यांत भिंत नको. कागद उत्तम आहेत. माझ्या नोकरीतल्या एका शाळेत संगीताचे गुरुजी निवृत्त झाले, ती जागा भरलीच गेली नाही. पेटी कपाटात गेली, कपाटाला कुलूप लागलं आणि किल्ली कार्यालयात राहिली. पुढे कधीतरी उघडलं तेव्हा भात्याला उंदरांनी कुरतडलेलं होतं. माझी खात्री आहे, वाचणाऱ्यांपैकी जे जे शिक्षक आहेत त्यांच्याही शाळेत असं एक कपाट असेल.

आणि ह्याच शाळा वार्षिक स्नेहसंमेलनाला मात्र बाहेरून डीजे बोलावतात आणि टीव्हीवरच्या स्पर्धेतल्या मुलासारखा आपलाही मुलगा गावा म्हणून पालक आशेनं बघतात. २०१९ साली 'गली बॉय' सिनेमा आला तेव्हा आमच्या घरातल्या सगळ्यांनी रॅपला डोक्यावर घेतलं होतं, भाऊजीसुद्धा. पडद्यावर मोठा नट असला की कला, आणि आपल्या शाळेतलं पोरगं बाकावर ताल धरू लागलं की दंगा! दोन्हींतला फरक मला कुणीतरी समजावून द्यावा.

मी काय मागते आहे? फार नाही. आठवड्याला एक तास, जो परीक्षेच्या महिन्यातही कुणी पळवणार नाही. एक खोली, जिथे आवाज झाला तर शेजारच्या वर्गाची तक्रार येणार नाही. एक संगणक, एक मायक्रोफोन, आणि कपाटाची किल्ली शिक्षकाच्या हातात. आणि एक असा शिक्षक, ज्याला मुलाला पुढे उभं करून स्वतः मागे वाजवता येईल. ह्याला येणारा खर्च कुठल्याही शाळेच्या प्रवेशद्वाराच्या कमानीपेक्षा कमीच असेल. आणि पालकहो, पुढच्या सभेत गाण्याचा तास काढल्याबद्दल टाळ्या वाजवण्याआधी एवढंच विचारा, की आमचं मूल दिवसभरात स्वतःचं म्हणून बोलतं ते नेमकं कुठल्या तासाला?

भाऊजी, दिवाळीला याल तेव्हा ही गाणी ऐकवीन. आवाज कमी करायला सांगू नका. आणि हो, तुमच्या सूनबाईंची शाळा जवळच आहे, त्यांच्या वेळापत्रकात काय आहे तेवढं बघून या. पुढचं भांडण त्यावर करू.